सोबतीनं लागली, सोबतीनं सुटली

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त २ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सभागृहात झालेले भाषण. अनेक रहिवाशांच्या आग्रहावरून येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी सेक्रेटरींना म्हटलं, "अहो, मी काय बोलणार? बोअरवेलचा इतिहास सांगू की पार्किंगच्या भांडणांचा?" ते म्हणाले, "तुमची सिगारेट कशी सुटली ते सांगा. गांधी जयंतीचा दिवस आहे, विषय शोभून दिसेल." मी हो म्हणून बसलो. नंतर घरी विचार केला तेव्हा लक्षात आलं, की ही गोष्ट माझ्या एकट्याची नाहीच. निम्मी या सभागृहात बसलेल्या लोकांची आहे. आणि तिचा एक भाग असा आहे, की तो सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला अधिकार नाही. त्यासाठी मी एका वहिनींची परवानगी मागितली. त्यांनी दिली. त्या समोरच बसल्या आहेत. त्यांचे आधीच आभार मानतो.

आपल्या जिल्ह्याचं एक गमतीदार आहे. १९७४ पासून वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. ती किती पाळली जाते ते तुम्ही जाणता, मी बोलत नाही. पण दारू प्यायची तर माणूस निदान चोरून पितो. तंबाखूचं तसं नाही. आर्वी नाक्यापासून बजाज चौकापर्यंत पायी निघा आणि पानठेले मोजत जा. दहा मिनिटांत बोटं संपतात. तंबाखूला कोणी व्यसन म्हणत नाही. "एवढं तर चालतंच" म्हणतात. मीही चौतीस वर्षं तेच म्हटलं.

मला सिगारेट लागली ती १९७६ साली, हिंगणघाटला. मी एकोणीस वर्षांचा होतो. कापसाच्या हंगामात जिनिंगवर वजनाचे काटे आणि हिशेब लिहायचं काम मिळालं होतं. जिनिंगमध्ये सगळीकडे कापूस, सरकी, हवेतसुद्धा तंतू. ठिणगी पडली की संपलं. म्हणून फाटकावर माचिस काढून घ्यायचे. विडी ओढायची तर फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे जायचं. रात्रपाळीला दर दीड-दोन तासांनी चार-पाच जण उठायचे, "चला" म्हणायचे आणि बाहेर जायचे. मी न ओढणारा. म्हणजे मी एकटा काट्यापाशी बसून राहायचो. थंडीचे दिवस, बाहेर शेकोटी, गप्पा, हसणं ऐकू यायचं. आठव्या-दहाव्या दिवशी मीही उठलो. पहिला झुरका घेतला तेव्हा खोकल्यानं डोळ्यांत पाणी आलं. सगळे हसले, मीही हसलो. मला तेव्हा तंबाखू नको होती हो. मला ती शेकोटी पाहिजे होती.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की व्यसन लागतं ते सोबतीनं. बहुतेकांचं असंच असतं. कोणी एकटा खोलीत बसून पहिली सिगारेट पेटवत नाही. पण सोडायची वेळ आली की आपण म्हणतो, "तुमचं तुम्ही बघा, मनावर घ्या, इच्छाशक्ती पाहिजे." लागताना चौघं, सुटताना एकटा.

मीही तीनदा एकट्यानं सोडून पाहिली. एकदा एक जानेवारीला. एकदा मुलीच्या वाढदिवसाला. एकदा ऑफिसमधल्या सहकाऱ्याला हार्ट अटॅक आला तेव्हा. तिन्ही वेळा मी कोणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. त्या वेळी वाटायचं, आधी करून दाखवावं, मग सांगावं. आज खरं कारण कबूल करतो. गुपचूप सोडायची म्हणजे गुपचूप पुन्हा सुरू करता येते! कोणी विचारणारच नाही. सगळ्यात जास्त टिकलो ते अकरा दिवस.

यात शरीराचाही भाग आहे, तो डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितला. धूर आत गेला की पंधरा-वीस सेकंदांच्या आत निकोटिन मेंदूपर्यंत पोचतं. मेंदूला त्याची सवय होते. ते मिळालं नाही की चिडचिड, झोप नाही, लक्ष लागत नाही, सारखी भूक. हा त्रास पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत उतरत जातो. आणि प्रत्येक तलफ ही काही मिनिटांची पाहुणी असते. तेवढी मिनिटं निभावली की ती जाते. पण ती मिनिटं एकट्यानं काढणं फार कठीण असतं. बाहेरच्या देशांत मोजून पाहिलंय. कसलीही मदत न घेता सोडणाऱ्या शंभरांपैकी वर्षभर टिकतात ते तीन ते पाच जण. म्हणजे मी नालायक होतो म्हणून हरलो असं नव्हे. मी शंभरातल्या पंच्याण्णवांपैकी होतो.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. २००८ च्या २ ऑक्टोबरला, आजच्याच तारखेला, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नवे नियम देशभर लागू झाले. ऑफिस, बसस्टँड, हॉटेल, सगळीकडे बंद, सापडलं तर दोनशे रुपयांपर्यंत दंड. ऑफिसमधली बंद झाली तशी माझी जिन्यातली वाढली. जिन्याच्या कुंड्यांमध्ये थोटकं सापडायला लागली. जुन्या लोकांना ती वार्षिक सर्वसाधारण सभा आठवत असेल. तळमजल्यावरच्या बाई, ज्यांना आपण सगळे नुसतं 'बाई' म्हणतो, त्या थोटकांनी भरलेली पिशवीच घेऊन सभेला आल्या होत्या. टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ही सोसायटीची मालमत्ता आहे का कोणाची खाजगी? खाजगी असेल तर घेऊन जा." सभेत मोठा हशा झाला. ठराव झाला, की ओढायची तर गच्चीवर.

तेव्हापासून रात्री साडेनऊला मी गच्चीवर. आणि माझ्यासोबत 'ब' विंगमधले आमचे मित्र. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे. मी सिगारेटवाला, ते विडीवाले. टाकीच्या कट्ट्यावर बसायचो. उन्हाळ्यात लाइट गेली की अकरा-अकरा वाजेपर्यंत. त्यांना शेतीचं फार ज्ञान. सेलूकडे त्यांचं थोडं शेत होतं. कपाशीवर कोणती अळी आली, सोयाबीनला भाव काय, पवनारला धाम किती भरली, सगळं त्यांच्याकडून कळायचं. माझी मुलगी बारावीला बसली तेव्हा माझ्यापेक्षा जास्त काळजी त्यांनाच. असा माणूस.

२०१० ची संक्रांत. मी तिळगूळ द्यायला बाईंकडे गेलो. शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाई. त्यांनी तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, याच्या बदल्यात खिशातलं पाकीट द्या." मी म्हटलं, "बाई, फेकून द्याल." त्या म्हणाल्या, "फेकत नाही, ठेवते. लागली तर माझ्याकडे मागायला या. रात्री बारा वाजता आलात तरी देईन. पण मागायला इथं यायचं. बाहेरून विकत नाही घ्यायची." मी पाकीट दिलं. सहा सिगारेटी होत्या त्यात.

किती साधी युक्ती आहे बघा. त्यांनी मला 'सोड' म्हटलं नाही. फक्त माझ्या आणि सिगारेटीच्या मध्ये एक माणूस आणून बसवला. तलफ आली की पानठेल्याकडे न जाता बाईंच्या दारापर्यंत जायचं, बेल वाजवायची, तोंड उघडून मागायचं. तेवढ्यात ती काही मिनिटं निघून जायची. दोनदा मी खरंच बेल वाजवली. दोन्ही वेळा त्यांनी आधी चहा टाकला आणि मग पाकीट आणून समोर ठेवलं. चहा पिऊन मी परत आलो. पाकीट तिथंच.

मग बाकीच्यांनीही आपापलं काम वाटून घेतलं. सेक्रेटरी रात्री सव्वानऊला कॅरमला बोलवायचे. त्यांना कॅरम खेळता येत नाही हे मला तेव्हा कळलं. फक्त मला गच्चीवर जाऊ द्यायचं नाही म्हणून बिचारे महिनाभर हरत होते. माझ्या बायकोनं जेवणानंतर बडीशेप आणि लवंग हाताशी ठेवायला सुरुवात केली आणि त्या महिन्यात माझ्या चिडचिडीला एकदाही उलट उत्तर दिलं नाही. नंतर सगळी एकदम दिली, ती गोष्ट वेगळी. वॉचमनभाऊ गेटवर विचारायचे, "साहेब, आज किती?" मी म्हणायचो, "शून्य." आणि मुलांनी नोटीस बोर्डाशेजारच्या काळ्या फळ्यावर खडूनं रोज आकडा लिहायला सुरुवात केली. 'काकांचा आज ५ वा दिवस.' 'काकांचा आज १२ वा दिवस.' ती मुलं आता पुण्या-बंगलोरला नोकरीला आहेत.

आता माझी चूक सांगतो.

तेविसाव्या दिवशी पुलगावला एक लग्न होतं. जेवणं झाली, मांडवामागं जुने मित्र उभे होते. त्यातले दोघं जिनिंगवरचे. कोणीतरी पाकीट पुढं केलं. मी काही ठरवलं नाही, विचारही केला नाही. हात गेला आणि घेतली. रात्री घरी आलो. सकाळी फळ्यावर २४ लिहिलेलं. मुलं म्हणाली, "काका, चोवीस!" मला सांगवलं नाही. मी म्हटलं, "हो, चोवीस."

त्या एका सिगारेटीनं जेवढं केलं नाही, तेवढं त्या "हो"नं केलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मागं एक. मग दोन. फळ्यावर मात्र २८, ३०, ३५. वॉचमनभाऊ विचारायचे, मी 'शून्य' म्हणायचो. जे माझ्यासाठी झटत होते त्यांच्याच तोंडावर मी रोज खोटं बोलत होतो. आणि मला त्यांचाच राग यायला लागला. तो फळा पुसून टाकावासा वाटायचा.

एकेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी बाईंकडे गेलो. पाकीट मागायला गेलो असं त्यांना वाटलं. त्यांनी चहा टाकला. मी म्हटलं, "बाई, फळ्यावरचा आकडा खोटा आहे. तेविसाव्या दिवशीच मोडलं." वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी विचारलं, "कुठं?" मी सांगितलं. "कोणासोबत?" सांगितलं. "जेवणाआधी की नंतर?" मी म्हटलं, नंतर. म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला लग्नाला जायचं असलं की सोबत कोणीतरी पाहिजे, आणि जेवलं की लगेच निघायचं. चला." खाली आल्या, स्वतःच्या हातानं फळा पुसला आणि लिहिलं, 'काकांचा आज १ ला दिवस.' मुलं गोळा झाली. "बाई, असं काहून?" बाई म्हणाल्या, "गणित चुकलं होतं. पुन्हा मांडलं." बस. एवढंच. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी मला त्या गोष्टीवरून एक शब्द ऐकवला नाही.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. निकोटिनचं च्युइंगम दिलं, कसं चावायचं आणि कधी कमी करत जायचं ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "घसरणं हा सोडण्याचाच भाग आहे. बहुतेक लोक अनेकदा प्रयत्न करून सुटतात." हे मला चौतीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. २५ फेब्रुवारी २०१० पासून आजपर्यंत मी एकही ओढलेली नाही. (टाळ्या) थांबा, टाळ्या नंतर वाजवा. गोष्ट संपलेली नाही.

आज गांधी जयंती आहे आणि सेवाग्राम इथून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून बापूंची एक आठवण सांगतो. बारा-तेरा वर्षांचे असताना बापूही विडीच्या नादी लागले होते. काकांना ओढताना पाहून आपणही धूर काढावा असं वाटलं. आधी काकांची थोटकं, मग नोकराच्या पैशांतून चोरी. आत्मकथेत त्यांनी सगळं लिहिलंय. ती सवय पुढं सुटली. पण पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातलं थोडं सोनं काढून विकायची दुसरी चोरी झाली. ती मनाला लागली. वडिलांसमोर बोलायची हिंमत नाही, म्हणून चिठ्ठी लिहिली. वडील आजारी, फळीवर पडून होते. उठून बसले, चिठ्ठी वाचली, डोळ्यांतून पाणी गळालं, चिठ्ठी भिजली. क्षणभर डोळे मिटले आणि चिठ्ठी फाडून टाकली. रागावले नाहीत, मारलं नाही, शिव्या नाहीत.

ती चिठ्ठी विडीबद्दल नव्हती, चोरीबद्दल होती, हे मला माहीत आहे. पण मला त्यात दिसतं ते असं. चूक करणारा स्वतःहून येऊन सांगू शकतो, असं माणूस समोर असलं पाहिजे. बापूंना तसे वडील मिळाले. मला तशा बाई मिळाल्या. आणि आता ज्यांना तसं कोणी मिळालं नाही, त्यांच्याबद्दल.

मी सोडली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, सुरुवातीचे काही आठवडे ओढणाऱ्यांच्या सोबतीपासून लांब राहा. ते बरोबरच होतं. मी गच्चीवर जाणं बंद केलं. 'ब' विंगमधल्या मित्राला सांगितलंही नाही. त्याला गेटवर दोन-तीनदा भेटलो. एकदा तो म्हणाला, "काय जी, विसरले का आमाले?" मी हसून वेळ मारून नेली. आठवडे गेले, महिने गेले. तलफ कधीच गेली होती, तरी मी गच्चीवर गेलो नाही. खरं सांगू का? मला आता ते बरं वाटेनासं झालं होतं. मी सुटलेला, तो न सुटलेला. मी सभेत उभा राहून गच्चीवर ओढण्यावरसुद्धा आक्षेप घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो मागच्या खुर्चीत बसला होता. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून गेटबाहेर, रस्त्यापलीकडे जाऊन ओढायला लागला. जिनिंगच्या फाटकाबाहेर जसे आम्ही जायचो तसा. फक्त तिथं शेकोटी नव्हती.

२०१४ च्या सुमारास त्याला दम लागायला लागला. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढताना दोनदा बसायचा. सीओपीडी निघाली, फुप्फुसांचा आजार. त्या आजारात गेलेला भाग परत येत नाही. घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. २०१६ मध्ये तो गेला.

दिवस झाल्यावर वहिनींकडे बसलो होतो. त्या म्हणाल्या, "यांनी दोनदा सोडली होती भाऊ, तुम्ही सोडल्यावर. एकदा चार दिवस, एकदा नऊ. कोणाले सांगू नको म्हणायचे. मी म्हटलं, बाईंकडं जा ना. तर म्हणायचे, फळ्यावर माझं नाव नको. मोडलं तर साऱ्या सोसायटीत होईल." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुमचं नाव घेऊन म्हणायचे, त्याले सोबत होती."

हे वाक्य मी सात वर्षं बाळगतो आहे. माझ्यामागं दहा माणसं उभी होती. त्याच्यामागं मी एकटा उभा राहिलो असतो तरी पुरलं असतं कदाचित. कदाचित नसतंही पुरलं. पण मी उभा राहिलो नाही. चौतीस वर्षं मी ओढत होतो तेव्हा तो मला चांगला माणूस वाटत होता. सुटल्यावर सहा महिन्यांत मला तो व्यसनी वाटायला लागला.

माझा जावई डॉक्टर आहे. त्याला मी हे बोललो तेव्हा त्यानं मला अमेरिकेतला एक अभ्यास समजावून सांगितला. फ्रेमिंगहॅम नावाच्या गावातल्या आणि त्यांच्याशी जोडलेल्या १२,०६७ लोकांचा १९७१ ते २००३ पर्यंतचा हिशेब त्यात आहे. तो २००८ मध्ये छापून आला. त्यात दिसलं, की नवऱ्यानं किंवा बायकोनं सोडली तर जोडीदाराची ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होते. मित्रानं सोडली तर ३६ टक्क्यांनी. भावाबहिणीनं सोडली तर २५ टक्क्यांनी. लहान ऑफिसमधल्या सहकाऱ्यानं सोडली तर ३४ टक्क्यांनी. लोक घोळक्या-घोळक्यानं सोडत होते.

पण मला त्यातल्या दुसऱ्या दोन गोष्टी लागल्या. एक, शेजारी राहणाऱ्यानं सोडली याचा नुसत्या शेजाऱ्यावर परिणाम दिसला नाही. म्हणजे भिंतीला भिंत लागून असून भागत नाही, मैत्री लागते. आपली हाउसिंग सोसायटी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. आणि दुसरी, जसजसे लोक सोडत गेले, तसतसे न सोडणारे त्या गोतावळ्याच्या कडेला ढकलले गेले. मी जावयाला म्हटलं, "हे मला अमेरिकेतून कशाला सांगतोस? आमच्या गेटबाहेर घडलंय."

म्हणून आता चार कामाच्या गोष्टी सांगतो आणि आटोपतो.

पहिली. कोणाला सोडायची असेल तर एक दिवस ठरवा आणि निदान एका माणसाला सांगा. सगळ्यांना सांगायची गरज नाही. फळा ज्याला झेपतो त्याच्यासाठी फळा. ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी एकच माणूस पुरे. ही चूक आपण केली, सगळ्यांना एकच औषध दिलं.

दुसरी. मदत करणाऱ्यांनी उपदेश करू नये, विचारावं. आणि पुन्हा विचारावं. लंडनमध्ये २८ डॉक्टरांच्या दवाखान्यांत दोन हजारांवर ओढणाऱ्यांवर हे करून पाहिलं, ते १९७९ साली छापून आलं. ज्यांना काहीच सांगितलं नाही, त्यांच्यातले वर्षानंतर सुटलेले हजारात तीन. ज्यांना डॉक्टरांनी दोन मिनिटं सांगितलं, पत्रक दिलं आणि "पुढं आम्ही पुन्हा विचारणार आहोत" म्हटलं, त्यांच्यातले शंभरात पाच. आकडा लहान वाटतो. पण दोन मिनिटांच्या बोलण्याचा आहे. आपल्याकडे तर रोजचं बोलणं आहे. घसरला तर "कुठं, कोणासोबत, कधी" एवढंच विचारा. "बघा, म्हटलं नव्हतं!" हे वाक्य घरात बंद करून टाका.

तिसरी. लाज न बाळगता डॉक्टरांकडे जा. औषधं आहेत, च्युइंगम आहे. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन आहे, १८००-११-२३५६. सिगारेटच्या पाकिटावर आणि तंबाखूच्या पुडीवर २०१८ पासून हा आकडा छापतात. इतकी वर्षं आपण पाकिटावरचं चित्र बोटानं झाकतो, त्याच बोटाखाली तो असतो. आणि "आता या वयात काय" असं म्हणू नका. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं लक्ष ठेवून काढलेला हिशेब आहे. साठाव्या वर्षी सोडली तरी सरासरी तीन वर्षं वाचतात, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिसाव्या वर्षी दहा. मी त्रेपन्नाव्या वर्षी सोडली. माझी किती वाचली तुम्हीच हिशेब करा. आज इथं उभा आहे तो त्याच खात्यातून खर्च करतो आहे.

चौथी, आणि ही तरुण मुलांसाठी. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं सिगारेट ओढतो काका. खरं आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत आपल्या महाराष्ट्रात ओढणारे मोठे माणूस शंभरात चारही नाहीत. पण तोंडात तंबाखू ठेवणारे शंभरात चोवीस आहेत. म्हणजे आपला खरा प्रश्न खर्रा आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, नंतर खर्रा-माव्यावरही आली. तरी गेटसमोर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला मिळतो. घोटून देणाऱ्या पोराचं बोट थांबत नाही. खर्रा खाणाऱ्यांचीही सोबत असते. एक पन्नी, चौघांच्या चिमटी. तोंड उघडेनासं होतं, मसाला लागला की आग होते, तेव्हा कळतं. तोवर थांबू नका. आणि पोरांनो, तुमच्यातला एक जण सोडतो म्हणाला तर उरलेल्या तिघांनी त्याच्यापुढं पन्नी धरू नका. आणि सुटलेल्यानं उरलेल्या तिघांशी बोलणं सोडू नका. दोन्ही लक्षात ठेवा.

आपल्या वर्ध्यात जन्मलेले आणि सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले डॉ. अभय बंग गडचिरोलीत दारू-तंबाखूमुक्तीचं 'मुक्तिपथ' चालवतात. २०१६ पासून तिथं जिल्हाभर गावागावांतून लोक एकत्र येऊन ठरवतात. आपल्याला जिल्हा नको, गाव नको. आपली अठ्ठेचाळीस घरं आहेत. तेवढी पुरेत.

माझा एक छोटा ठराव आहे. त्याला सूचक-अनुमोदक लागत नाही. या महिन्यापासून मी पुन्हा रात्री साडेनऊला गच्चीवर बसायला लागलो आहे. टाकीच्या कट्ट्यावर आता गुडघ्यांमुळे बसवत नाही, म्हणून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या नेऊन ठेवल्या आहेत. ज्याला ओढायची आहे त्यानं यावं, ज्याला सोडायची आहे त्यानं यावं, ज्याचं मोडलं आहे त्यानं तर यावंच. रस्त्यापलीकडे एकट्यानं उभं राहायचं नाही. मी कोणाला "सोड" म्हणणार नाही. पावसापाण्याच्या, सोयाबीनच्या भावाच्या गप्पा मारू. सोडायचं ठरलं की ज्यांनी मला शिकवलं त्या बाईंकडे तुम्हाला मीच घेऊन जाईन. त्यांचं वय आता ब्याऐंशी आहे, पण चहा अजून त्याच टाकतात. आणि माझं ते सहा सिगारेटींचं पाकीट अजून त्यांच्या कपाटात आहे. परवा विचारलं, तर म्हणाल्या, "ठेवलंय. लागलं तर मागा."

वहिनी, तुम्ही मला हे सगळं बोलू दिलं. आमच्या मित्राला मी जे द्यायला पाहिजे होतं ते आता त्याला देता येत नाही. दुसऱ्या कोणाला तरी देईन.